जलनेतीला पाणी कुठलं वापरता?

वडगावचा माग
बारा वर्षं झाली, माझं नाक मला सकाळी सुखानं उठू देत नाही. आधी वीस-पंचवीस शिंका, मग नाक चोंदतं, मग कपाळ जड. घराखाली चार पॉवरलूम आहेत, ताणा लावला की सुताचा बारीक फुफाटा जिन्यावरनं वर येतो. त्यात नोव्हेंबर उजाडला की सगळीकडं ऊस पेटवून तोडायला सुरुवात. पहाटे वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी काजळी. गोळी घेतली तर मागावर पेंग येते.

मागच्या वर्षी एका योग शिबिरात जलनेती शिकलो, म्हणजे मिठाचं पाणी एका नाकपुडीतनं घालून दुसरीतनं काढायचं. खोटं कशाला सांगू, फरक पडला. शिंका गेल्या नाहीत, पण कपाळाचं ओझं उतरलं. गोळी रोजची होती, ती आठवड्यातनं दोनदावर आली.

मग तक्रार काय? तर त्या शिबिरात मैदानाच्या नळाला पाइप लावून बादल्या भरल्या, वर मूठमूठ मीठ टाकलं आणि आम्ही सगळ्यांनी तेच पाणी नाकात घेतलं. उकळलंय का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. नंतर वाचनात आलं की अमेरिकेत लुइझियाना राज्यात २०११ साली घरच्या नळाच्या पाण्यानं नाक धुणारी दोन माणसं मेंदूत अमीबा शिरून दगावली. आणि तो अमीबा शुद्ध करून सोडलेल्या सार्वजनिक पाण्यात सापडला नाही, त्यांच्या घरातल्या नळजोडणीत सापडला. आपल्याकडं तर गच्चीवरची काळी टाकी एप्रिलमध्ये हात भाजेल इतकी तापते, आणि ती धुतली कधी, कुणालाच आठवत नाही.

माझं मत सरळ आहे. नेती घरी करा, पण पाणी उकळायचा कंटाळा असेल तर करू नका. घरात यावरून रोज वाद आहे. तुम्ही काय करता?

खानापुरी
भावा, उगंच भ्या घालायलायस लोकांना. आमचे बाबा चाळीस वर्षं नेती करायल्यात, विहिरीच्या पाण्यानं. पहाटे कळशी काढायची, त्यातलंच तांब्याभर घ्यायचं. वय अठ्ठ्याहत्तर, अजून चष्म्याशिवाय पेपर वाचत्यात. सर्दी म्हणून ठाऊक नाही. अमेरिकेत दोन माणसं मेली म्हणून आम्ही गॅस जाळायचा काय? तेच पाणी आम्ही पितोय, आमची पोरं त्यातच पवायला शिकली. मलप्रभा आमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावती, आमच्या पाण्याला नावं ठेवायची नाहीत!

मेडिकलवाला
खानापुरी, पाण्याला नावं कोण ठेवतंय? पिणं वेगळं आणि नाकात घेणं वेगळं. हा अमीबा पोटात गेला तर काही होत नाही. नाकात वरपर्यंत पाणी गेलं, तर वास घेणाऱ्या मज्जातंतूच्या वाटेनं तो मेंदूत चढतो. आजार फार दुर्मीळ, हे खरं. पण झाला तर शंभरातले दोन-तीन वाचले तर वाचले. आणि अमेरिका लांब असेल, केरळ किती लांब आहे? तिथं २०२५ मध्ये याचे इतके रुग्ण निघाले की सरकारनं विहिरींत क्लोरीन टाकायची मोहीम घेतली.

मिठानं मरेल म्हणाल तर नेतीच्या पाण्यात मीठ असतंच किती? लिटरला नऊ ग्रॅम. अर्ध्या लिटरला पाऊण चहाचा चमचा, सपाट. एवढ्यानं तो मरेल यावर विसंबू नका. मीठ जंतू मारायला नसतंच, नाक चुरचुरू नये म्हणून असतं. साध्या पाण्यानं नाक धुऊन बघा, डोळ्यांत पाणी येईल.

उपाय एवढाच: पाणी खळखळा उकळलं की पुढं मिनिटभर तसंच उकळू द्यायचं, झाकून कोमट होऊ द्यायचं, मग वापरायचं. भांडंही धुऊन कोरडं ठेवायचं. फिल्टरचं पाणी गोड लागतं म्हणून ते निर्जंतुक झालं असं नाही. आणि मागच्या आठवड्यात एकजण गॅरेजमधनं बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घेऊन आला, हे चालेल का विचारायला. दादा, ते बॅटरीला!

निपाणीची लेक
तुम्ही सगळे पाण्यावर भांडताय. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे.

माझ्या आईनं तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काम केलं. खकाणा, म्हणजे तंबाखूची उडणारी बारीक धूळ, निपाणीकरांना सांगायला नको. पदर तोंडाला बांधला तरी संध्याकाळी नाक शिंकरलं की तपकिरी निघायचं. तिला कुणीतरी नेती सांगितली. चार दिवसांत हलकं वाटलं, आणि तिनं काय केलं? डॉक्टरांनी दिलेला नाकाचा स्प्रे बंद, रात्रीचा दम्याचा पंप बंद. "पाण्यानं सगळं जातंय, औषध कशाला?" दोन महिन्यांनी मध्यरात्री दम लागला, ओठ निळे पडले. रिक्षात तिचं डोकं मी मांडीवर धरलं होतं.

नेतीनं नाकात अडकलेली धूळ आणि शेंबूड धुऊन निघतो, कबूल. ॲलर्जी धुऊन निघत नाही. दमा तर नाहीच. नाकाचं हाड वाकडं असेल, कोंब वाढला असेल, तर पाणी काय करणार? पण शिबिरात सांगतात "सायनस मुळापासून". हे "मुळापासून" फार वाईट. घरी करायला सांगूच नये, असं माझं ठाम मत आहे. आधी कान-नाक-घसावाल्याला दाखवा.

टिळकवाडीतले काका
थोडं शास्त्राचं बोलतो, रागावू नका. हठयोगप्रदीपिका या योगाच्या जुन्या ग्रंथात षट्कर्मांत, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांत, नेती आहे, पण ती दोऱ्याची. वीतभर गुळगुळीत सूत्र नाकातून घालून तोंडातून काढायचं. पाण्याचा तांब्या त्या श्लोकात नाही. म्हणजे "हजारो वर्षांची जलनेती" म्हणून जे छाती फुगवतात त्यांनी जरा दमानं घ्यावं. दुसरं, ही क्रिया समोर बसून शिकायची. आमच्या शेजाऱ्यानं मोबाइलवर बघून केली, मान नीट वाकवली नाही, मग दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरला. कानात ठणका, आठ दिवस.

आमच्या आजीचा मात्र एकच उपाय होता, चिमूटभर तपकीर. सायनस बरा व्हायचा की नाही देव जाणे, पण शिंकांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत.

वडगावचा माग
ताई, तुमचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ. स्प्रे बंद करायचा नाही, हे मी पहिल्यांदाच लिहायला हवं होतं. मीही गोळी कमी केली ती डॉक्टरांना विचारून. पण घरी करूच नये हे पटत नाही. माझ्या मेहुण्याचं सायनसचं ऑपरेशन झालं, त्यानंतर सर्जननंच त्याला रोज मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला सांगितलं. घरीच. म्हणजे क्रिया वाईट नाही, ती औषधाच्या जोडीला आहे. माग चालू तोपर्यंत फुफाटा नाकात जाणारच. संध्याकाळी हातपाय धुतो तसं नाक धुतो मी.

काका, शिंकरण्याचं बरोबर. मी कमरेत वाकून, तोंड उघडं ठेवून, एकेक नाकपुडी हळू शिंकरतो. झोपायच्या आधी लगेच करत नाही, नाहीतर उशीवर टपटप.

निपाणीची लेक
जोडीला म्हणताय तर ठीक. पण शिबिरवाले जोडीला म्हणत नाहीत, हेच तर भांडण आहे माझं.

खानापुरी
बरं, मेडिकलवाले, एक सांगा. आमच्याकडं अंघोळीचा बंब पहाटे चारपासून पेटलेला असतोय. त्यातलं पाणी घेतलं तर? चांगलं चटका बसतंय.

मेडिकलवाला
अंघोळीला चटका बसणं म्हणजे उकळणं नव्हे. या अमीबाला ऊबच मानवते, ४५ अंशांच्या आसपासही तो मजेत असतो. तुमच्या बंबात पाणी खळखळत असेल तर गोष्ट वेगळी, पण तोटीतनं काढता, वरनं गार ओतता, ते विहिरीचंच ना? पातेलं वेगळं ठेवा.

खानापुरी
अडचण पाण्याची नाही, बाबांची हाय. त्यांना विहिरीचं गारच लागतंय. उकळलेलं म्हटलं की "मेलेलं पाणी" म्हणत्यात.

मेडिकलवाला
रात्री उकळून त्याच पातेल्यात झाकून ठेवा. पहाटेपर्यंत गारच होतंय.

खानापुरी
हां. मग सांगतच नाही त्यांना.