कामगार संघटनांची गरज आजही आहे का?

प्रश्न: आमच्या कारखान्यात कायम कामगार मूठभर उरले आहेत, बाकी सारे कंत्राटी आहेत, कंत्राटदार वर्षागणिक बदलतो आणि भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब कोणीच देत नाही. अशा स्थितीत संघटना काढून काही साधेल का?

उत्तर १: १९८२ च्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि बहुतेकांच्या हाती काहीच लागले नाही, हे विसरू नये.

उत्तर २: संप फसला म्हणून संघटना निरुपयोगी ठरत नाही. पाठीवर पोती वाहणाऱ्या, आज या तर उद्या त्या व्यापाऱ्याकडे राबणाऱ्या माथाडींना कामगार नेते अण्णासाहेब पाटील यांनी एकत्र केले, म्हणूनच १९६९ चा माथाडी कायदा झाला. ज्याच्याकडे काम होते तो व्यापारी मजुरी व तिच्यावरील लेव्ही (मजुरीवर द्यावी लागणारी जादा रक्कम) या कायद्याखालच्या माथाडी मंडळाकडे भरतो आणि त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, बोनस मिळतो. ठरलेला मालक नसतानाही हे घडले, तर कंत्राटी कामगारांना ते अशक्य का मानावे?

उत्तर ३: सहमत आहे. कंत्राटदाराने वेतन थकवल्यास ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कारखान्यावर येते. आधी प्रत्येकाने आपले भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक तपासावे आणि कापलेली रक्कम जमा नसल्यास तक्रार सर्वांच्या सहीनेच द्यावी, कारण एकट्याने सही करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गेटवरच अडवले जाते.