कॅशलेस मंजूर, तरी इंजेक्शनचे पैसे खिशातून?

बी-३०२: सासूबाईंना ब्रेस्ट कॅन्सरसाठी दर तीन आठवड्यांनी ट्रास्टुझुमॅब देतात. कालच्या बिलात टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) इंजेक्शनची बरीच रक्कम कापली. पॉलिसी १० लाखांची, त्यातले निम्मेसुद्धा वापरलेले नाहीत. मग कापलं कशाला?

ए-१०४: कारण लेखी दिलंय का ताई?

बी-३०२: "सब-लिमिट संपली" एवढंच.

सी-५०१: सब-लिमिट म्हणजे एकूण विमा रकमेच्या आत एखाद्या उपचारासाठी घातलेली वेगळी मर्यादा. पॉलिसीत 'मॉडर्न ट्रीटमेंट'चं कलम शोध. २०१९ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने १२ आधुनिक उपचार पॉलिसीतून वगळायला मनाई केली. मोनोक्लोनल अँटिबॉडीचं (ठरावीक लक्ष्यालाच चिकटणारं, प्रयोगशाळेत बनवलेलं प्रथिन) इंजेक्शन, म्हणजे तुमचं ट्रास्टुझुमॅबही, आणि केमोच्या गोळ्या दोन्ही त्यात आहेत. पण मर्यादा घालायची मुभा ठेवली. 'आरोग्य संजीवनी' या सगळ्या कंपन्यांच्या एकसारख्या पॉलिसीत ती विमा रकमेच्या ५० टक्के आहे. काही पॉलिसींत त्याहून कमी.

बी-३०२: सापडलं काका. २५ टक्के, वर्षाला. म्हणजे अडीच लाखच! पॉलिसी घेताना एजंटने चकार शब्द काढला नाही.

सी-५०१: मर्यादा खरीच असेल तर कंपनी हटणार नाही. पण त्या अडीच लाखांत काय काय धरलंय ते बघ. बेडचे पैसे, रक्ताच्या तपासण्या, साध्या केमोची औषधं, सगळं त्यातच टाकलं असेल तर भांडायला जागा आहे. प्रत्येक बिलाचा हिशेब ईमेलने माग, फोनवर नको.

ए-२०२: माझं मेडिकल आहे म्हणून सांगतो. हॉस्पिटल एमआरपी लावतं, तेच इंजेक्शन बाहेर पुष्कळ स्वस्त मिळू शकतं. कॅशलेस आहे म्हणून आपण भाव विचारत नाही आणि मर्यादा लवकर संपते. बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतंजुळतं दुसऱ्या कंपनीचं औषध, चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. निर्णय त्यांचाच.

ए-१०४: बाहेरून आणलेलं हॉस्पिटल घेईल?

ए-२०२: इथूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही, महाराष्ट्रात एफडीएने (अन्न व औषध प्रशासन) हॉस्पिटलमधल्या मेडिकलना तसे फलक लावायला सांगितलेत. मात्र हे २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, त्यामुळे त्यांची काळजी रास्त आहे. आइसपॅकमधून आणा, बिलावर बॅच नंबर हवाच.

बी-३०२: कंपनीने दाद दिली नाही तर?

सी-५०१: आधी कंपनीकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे. पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. संध्याकाळी सगळी बिलं घेऊन ये, तक्रारीचा मसुदा आपण मिळून करू.

ए-२०२: पुढचा डोस कधी आहे ताई? भाव मी आजच काढून ठेवतो.