'ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्नकर्ता, नाशिक:
माझा भाचा अमेरिकेत बॅटन रूजला, लुइझियाना स्टेट विद्यापीठात शिकतो. तिथल्या कॉलेज फुटबॉलचं त्याला वेड लागलंय. हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू हातात धरून खेळतात तो फुटबॉल. रविवारी फोन लागला की पहिली दहा मिनिटं एकच विषय: "मामा, आमचा ओसी बदलायलाच हवा." परवा माझी आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "त्याच्या बिल्डिंगला अजून ओसी मिळाली नाही का रे?"

ओसी म्हणजे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, संघाचं आक्रमण सांभाळणारा सहायक प्रशिक्षक. पण हे इंग्रजी नाव सांगून तिला काय कळणार? 'आक्रमण समन्वयक' म्हटलं तर सरकारी समितीवरचं पद वाटतं. एके ठिकाणी तर 'आक्षेपार्ह समन्वयक' असं वाचलं आणि वाईट वाटलं. आईशी बोलताना सहज तोंडात येईल असा शब्द सुचवा.

क्रीडाशिक्षक, सांगली:
आधी 'ऑफेन्स'चं बघू. खो-खोत आक्रमण आणि संरक्षण हे शब्द पक्के रुळलेले आहेत. एक संघ पाठलाग करतो ते आक्रमण, दुसरा पळतो ते संरक्षण, मग अदलाबदल. अमेरिकन फुटबॉलमध्येही ज्याच्याकडे चेंडू, त्याची आक्रमणाची पाळी. म्हणून 'आक्रमण' हे नाम घ्या, 'आक्रमक' हे विशेषण टाळा. 'आक्रमक प्रशिक्षक' म्हटलं की अंगावर धावून येणारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. कबड्डीतली 'चढाई' कानाला गोड लागते, पण चढाईला गडी एकटा जातो. इथे अकराच्या अकरा जण एकदम हलतात. पदाला 'आक्रमण प्रशिक्षक' पुरेसं आहे. फलंदाजी प्रशिक्षक, गोलंदाजी प्रशिक्षक आपण रोज म्हणतोच.

तालीमवाला, कोल्हापूर:
'वस्ताद' म्हटलं तर? कुस्ती सुरू असताना कडेनं डाव सांगणारा माणूस आमच्या डोळ्यांपुढे तोच येतो.

ह्यूस्टनकर:
वस्तादाच्या शब्दाबाहेर तालमीत काही होत नाही. तो मान इथे मुख्य प्रशिक्षकाचा. हा माणूस त्याच्या हाताखालचा.

सर, पदाचं नाव म्हणून 'आक्रमण प्रशिक्षक' मला पटलं. पण भाच्याचा वाद पदाच्या पाटीवरून नसणार. हे चाहते ज्यावरून हमरीतुमरीवर येतात ती गोष्ट म्हणजे पुढच्या खेपेला काय खेळायचं, हे कोण ठरवतं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. एक प्रयत्न संपला की पुढचा सुरू करायला ४० सेकंद मिळतात. तेवढ्यात स्टेडियमच्या वरच्या कक्षात किंवा मैदानाच्या कडेला उभा असलेला माणूस हातातल्या तक्त्यावर नजर टाकून निर्णय देतो. चेंडू घेऊन पळायचं की फेकायचा, कुणी कुठे उभं राहायचं, सगळं त्यातच आलं. कॉलेजच्या वरच्या पातळीवर २०२४च्या हंगामापासून क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पुढे फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, हेल्मेटमध्ये रेडिओ आला. घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. रेडिओ येण्याआधी हातवारे चालत, नाहीतर कडेला दोघं-तिघं चित्रांचे मोठाले फलक उंच धरून उभे राहत. कोणत्या चित्राचा काय अर्थ, हे आपल्याच पोरांना ठाऊक.

या एका निर्णयाला माझा शब्द आहे 'चाल'. बुद्धिबळात चाल आहेच, आणि 'शत्रूवर चाल करून जाणे' यात हल्ल्याचा अर्थ आधीपासूनच आहे. आक्रमणाच्या खेळाला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

आता भाच्याच्याच संघाचं उदाहरण घ्या. २०१८च्या सुरुवातीला, मॅट कॅनडा एकाच हंगामानंतर गेल्यावर, मुख्य प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन यांनी स्टीव्ह एन्समिंजर यांच्याकडे आक्रमण सोपवलं. बरेच चाहते नाराज झाले. जानेवारी २०१९मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून जो ब्रेडी हा २९ वर्षांचा तरुण आला. त्याचं पद 'पासिंग गेम कोऑर्डिनेटर', म्हणजे चेंडू फेकून खेळायच्या भागाची जबाबदारी. एन्समिंजर यांचं पद तेच राहिलं. त्या हंगामात संघानं सरासरी ४८.४ गुण केले, क्वार्टरबॅक जो बरोनं ६० टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी) फेकले, पंधराच्या पंधरा सामने जिंकले आणि १३ जानेवारी २०२०ला क्लेमसनला ४२–२५ असं हरवून विजेतेपद मिळवलं. देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉयल्स पुरस्कार ब्रेडीला मिळाला. वरच्या कक्षातून चाली सांगण्याची जबाबदारी होती एन्समिंजर यांची. तेव्हा 'आक्रमण कोण चालवत होतं?' या प्रश्नावर आजही दोन तट पडतात. माझ्या मते दोन्ही तट वेगवेगळ्या कामांबद्दल बोलतात आणि दोन्ही कामांना एकच क्रियापद वापरतात.

हार्मोनियमवाली, पुणे:
ह्यूस्टनकर दादा, मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण 'चाल' आमच्याही घरातली आहे. गाण्याची चाल एकजण बांधतो. कार्यक्रमाच्या दिवशी कोणतं गाणं कधी घ्यायचं, हे दुसराच सांगतो. आमच्या भजनी मंडळात चाली बांधणाऱ्या काकू मागे झांजा घेऊन बसतात. पुढच्या अभंगाची खूण करतात त्या वेगळ्याच, समोरच्या बायका कंटाळल्यात का ते बघून. मग 'चाल बांधणे' आणि 'चाल सांगणे' अशी दोन क्रियापदं केली तर? 'चाल देणे' मात्र नको, त्यात दोन्ही अर्थ येतात.

ह्यूस्टनकर:
ताई, हेच हवं होतं! ब्रेडीनं पासच्या चाली बांधायला हात लावला, एन्समिंजर यांनी त्या सांगितल्या, बरोनं त्या खेळल्या. कोचिंगमध्ये ही कामं इतकी काटेकोर वेगळी नसतात. दोघंही बांधण्यात असतात, आठवडाभर एकाच टेबलाशी बसून. पण वाद घालायला निदान शब्द वेगळे हवेत. २०२०मध्ये ब्रेडी कॅरोलिना पँथर्स या व्यावसायिक संघाकडे गेला, बरोही गेला, आणि एन्समिंजर असतानाच संघ पाच विजय, पाच पराभवांवर अडकला. बघा, ब्रेडीच सगळं करत होता, असं एक तट लगेच म्हणाला. मला तो अन्याय वाटतो. बांधणारा गेला आणि खेळणाराही गेला, तर नुसतं सांगून काय होणार?

क्रीडाशिक्षक, सांगली:
मान्य. पदाला आक्रमण प्रशिक्षक, कामाला चाल बांधणे आणि चाल सांगणे. 'डावपेच' मात्र यात मिसळू नका. डावपेच सगळ्या सामन्याचे असतात, चाल एका प्रयत्नाची.

तालीमवाला, कोल्हापूर:
मग 'चाली सांगणं ह्याच्याकडनं काढून घ्या' असंही म्हणता येईल. तिकडं तसं करतात का?

ह्यूस्टनकर:
हो, हंगामाच्या मधेच करतात. पद तसंच राहतं, चाली सांगायचं काम मुख्य प्रशिक्षक स्वतःकडे घेतो किंवा दुसऱ्या सहायकाला देतो. बातमीत हे एका ओळीत येतं आणि चाहते त्यावर रात्रभर बोलतात. मराठीत ती ओळ अशी होईल: 'आक्रमण प्रशिक्षक तेच, चाली आता मुख्य प्रशिक्षक सांगणार.'

प्रश्नकर्ता, नाशिक:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल फोनवर भाच्याला विचारलं, "तुला नवा माणूस चाल बांधायला हवाय की सांगायला?" तो गप्पच झाला. मग म्हणाला, "बांधलेल्या चाली चांगल्या आहेत मामा. तिसऱ्या प्रयत्नाला दोन यार्ड हवे असताना हा दरवेळी लांब फेकायला सांगतो." म्हणजे त्याची तक्रार सांगण्याबद्दल होती. इतके महिने आम्ही दोघंही 'ओसी, ओसी' करत होतो. आई पलंगावरून म्हणाली, "मग त्याला म्हणावं, दोनच पावलं हवीत तर चालत जा की!"