प्रतिसाद : पोकरमध्ये ड्रॉ मोठा असेल तर कॉल करत बसू नका

तुम्ही म्हणताय की फ्लश ड्रॉ (एकाच चिन्हाची चार कार्डं, पाचव्याची वाट) आला की नुसता कॉल करून, म्हणजे समोरच्याच्या बेटइतकेच पैसे टाकून, स्वस्तात कार्ड बघायचं, लागलं तर पैसे काढायचे. टूर्नामेंटमध्ये स्टॅक (आपल्याकडच्या चिप्स) २०-२५ बिग ब्लाइंडवर (कार्डं बघण्याआधी लावायची मोठी सक्तीची बेट) आला की मला हे अजिबात पटत नाही. फ्लॉपवर (टेबलावरची पहिली तीन कार्डं) नुसता फ्लश ड्रॉ म्हणजे ९ आउट्स (हात पूर्ण करणारी कार्डं), रिव्हरपर्यंत साधारण ३५ टक्के, पण टर्न (चौथं) आणि रिव्हर (पाचवं, शेवटचं) ही दोन्ही कार्डं बघायला मिळाली तरच, आणि कॉल केलात की टर्नला समोरचा परत बेट मारणार, तुम्ही फोल्ड करणार (डाव सोडणार), मग ते ३५ टक्के गेले कुठे?

हिशोब बघा. पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) ६ बिग ब्लाइंड, त्यावर समोरच्याची बेट ३, तुमच्याकडे २०. ऑल-इन केलंत (सगळं लावलंत) आणि तो दहातल्या चार वेळा जरी पळाला तरी सरासरी सव्वा ब्लाइंड फायदा, म्हणजे कॉल आल्यावर मागे असूनसुद्धा! सोबत ओपन-एंडेड स्ट्रेट ड्रॉ (ओळीने चार कार्डं, दोन्ही टोकांना पाचवं चालेल) असेल तर १५ आउट्स, एका पेअरसमोर बहुतेक वेळा तुम्हीच फेव्हरिट. (सेटसमोर, म्हणजे तीन सारख्या कार्डांसमोर, मात्र ४० टक्क्यांच्या आसपास, तेव्हा फार उड्या नकोत.)

पण टर्नला हीच मजा संपते, एकच कार्ड उरलं, १५ आउट्सचेही फक्त ३३ टक्के.

आणि बबलवर (बक्षिसाच्या जागा अगदी जवळ आल्यावर) मोठ्या स्टॅकशी हे करू नका. तिथे गमावलेली चिप कमावलेल्या चिपपेक्षा महाग असते. कॉलिंग स्टेशनसमोर तर कधीच नको, तो फोल्डच करत नाही, मी दोनदा तसाच बाहेर गेलोय.