मदत हवी आहे: जर्मनीत राहून नवा आयफोन घ्यायचाय, कोणती फीचर्स इथे मिळणार नाहीत?

नमस्कार मंडळी,

मी मूळची सातारची, सध्या म्युनिकला. जुना फोन आता दुपारपर्यंतही टिकत नाही, म्हणून आयफोन १७ घ्यायचं चाललंय. मॅकबुक घरात आधीपासून आहे. रक्कम मोठी आहे, तेव्हा आधी जाणकारांना विचारावं असं ठरवलं.

अडचण अशी की अमेरिकेतल्या मैत्रिणी जी फीचर्स रोज वापरतात, त्यातली काही युरोपियन युनियनमध्ये चालतच नाहीत. इथल्या एका दुकानात चौकशी केली तर "कायद्याचा प्रश्न आहे, येईल हळूहळू" यापलीकडे उत्तर मिळालं नाही. नवऱ्याचं म्हणणं, युनियनने बंदी घातलीय. ऑफिसातला सहकारी म्हणतो, बंदीबिंदी काही नाही, कंपनीच अडून बसलीय. शेवटी मी स्वतः वाचायला बसले. समजलं ते असं:

कायद्याचं नाव डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्ट. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याखाली अल्फाबेट, अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, बाइटडान्स, मेटा आणि मायक्रोसॉफ्ट या सहा कंपन्यांना 'गेटकीपर' (म्हणजे बाजाराचं दार ज्यांच्या हाती आहे अशा बड्या कंपन्या) ठरवलं गेलं आणि ७ मार्च २०२४ पासून त्यांच्यावरची बंधनं लागू झाली. नियम मोडला तर जगभरातल्या वार्षिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड, पुन्हा पुन्हा मोडला तर २० टक्क्यांपर्यंत. पण अमुक फीचर देऊ नका असं त्यात मला कुठेही सापडलं नाही. कलम ६ मधल्या सातव्या परिच्छेदाचा अर्थ मी असा लावला: फोनची जी सोय तुम्ही स्वतःच्या घड्याळाला, हेडफोनला, लॅपटॉपला देता, तीच इतर कंपन्यांच्या उपकरणांनाही फुकट आणि तितक्याच चांगल्या रीतीने मिळाली पाहिजे.

त्यानंतर जून २०२४ मध्ये अ‍ॅपलने जाहीर केलं की याच कायद्यामुळे अ‍ॅपल इंटेलिजन्स (फोनमधल्या एआयच्या सोयी), आयफोन मिररिंग (फोनचा पडदा मॅकवर उघडणं) आणि शेअरप्लेमधली, म्हणजे कॉलवर एकत्र बघण्याच्या सोयीतली, स्क्रीन शेअरिंगची नवी सोय त्या वर्षी युनियनमध्ये देणार नाही. अ‍ॅपल इंटेलिजन्स पुढे ३१ मार्च २०२५ ला आयओएस १८.४ या आयफोनच्या सॉफ्टवेअर अपडेटबरोबर इथे आलं. मिररिंग मात्र अजून आलेलं नाही.

मला नेमकं तेच हवंय. मी घरून हिशेबाचं काम करते, दिवसभर मॅकसमोर असते. मुलीच्या किंडरगार्टनचे सगळे निरोप फक्त फोनच्या अ‍ॅपवर येतात: उद्या रबरी बूट पाठवा, सहलीची परवानगी द्या, ताप आलाय, घ्यायला या. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असतो आणि मला तासाभराने कळतं. मिररिंग असतं तर फोनचा पडदा मॅकवरच उघडून तिथूनच उत्तर देता आलं असतं.

दुसरी गोष्ट एअरपॉड्सच्या लाइव्ह ट्रान्सलेशनची, म्हणजे समोरच्याचं बोलणं भाषांतर करून कानात ऐकवणाऱ्या सोयीची. माझं जर्मन दुकानापुरतं ठीक आहे, पण पालकसभेत बायका बव्हेरियन ढंगात भराभर बोलू लागल्या की अर्धं डोक्यावरून जातं.

तर जाणकारांनी कृपया सांगावं. बाबा उन्हाळ्यात इकडे येणार आहेत. त्यांना पुण्याहून फोन आणायला सांगितला, तर ही फीचर्स चालतील का? माझं अ‍ॅपलचं खातं अजून भारताचंच आहे, त्याने काही फरक पडतो का? आणि नवरा बरोबर की सहकारी?

प्रतिसाद:
ताई, फोन पुण्याचा की म्युनिकचा, याने काहीही फरक पडत नाही. फोन दोन गोष्टी बघतो: तुम्ही आत्ता कुठे आहात आणि तुमच्या खात्याचा देश कोणता. अ‍ॅपल इंटेलिजन्स इथे आलं नव्हतं तेव्हा अट अशी होती की तुम्ही युनियनमध्ये असाल आणि खातंही युनियनमधल्या देशाचं असेल, तर चालणार नाही. लाइव्ह ट्रान्सलेशनलाही सुरुवातीला हीच अट होती. त्यामुळे भारतातलं खातं घेऊन इथे राहणाऱ्यांना या दोन्ही गोष्टी आधी मिळाल्या.

आता लाइव्ह ट्रान्सलेशनसाठी त्याचीही गरज नाही. डिसेंबर २०२५ मध्ये आयओएस २६.२ बरोबर ते युनियनमध्ये आलं. मिररिंगवर मात्र भिस्त ठेवून फोन घेऊ नका.

प्रतिसाद:
लंडनहून लिहितेय. ब्रिटन युनियनबाहेर असल्याने इथे मिररिंग पहिल्यापासून आहे, मी रोज वापरते. अर्थात आता इथेही स्वतंत्र कायदा झालाय आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पर्धा नियामकाने अ‍ॅपल आणि गुगल या दोघांनाही विशेष दर्जा देऊन देखरेखीखाली आणलंय. पुढे काय होतं ते बघायचं.

प्रतिसाद:
मी नेदरलँड्समध्ये आहे. एका छोट्या कंपनीत मनगटी उपकरणांचं सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. जरा सविस्तर लिहितो.

तुमचा सहकारी जास्त बरोबर आहे. बंदी नाही. कायदा म्हणतो, द्या, पण सगळ्यांना द्या. त्यावर कंपनीपुढे तीन वाटा असतात: सगळ्यांसाठी खुलं करून द्यायचं, उशिरा द्यायचं, किंवा युनियनमध्ये द्यायचंच नाही. मिररिंगच्या बाबतीत अ‍ॅपलने तिसरी वाट धरली. त्यांचं म्हणणं, दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपवर फोनचा अख्खा पडदा उघडायचा तर आतली सगळी माहिती धोक्यात येते आणि त्यावर सुरक्षित उपाय सापडलेला नाही.

हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. फोनवर येणारी प्रत्येक सूचना, जोडलेल्या वायफायची नावं, हे तिऱ्हाइताच्या हाती गेलं तर तो माणूस कुठे राहतो, कुठल्या डॉक्टरकडे जातो, सगळं कळू शकतं. पण दुसरी बाजू मी रोज बघतो. आमचं घड्याळ आयफोनला जोडलं की आलेला मेसेज दिसतो, त्याला घड्याळावरून उत्तर देता येत नाही. अ‍ॅपलच्या घड्याळावरून येतं. ग्राहक दुकानात दोन्ही हातात घेऊन बघतो आणि आमचं खाली ठेवतो. आमच्या घड्याळाची बॅटरी कितीतरी जास्त चालते, पण तो विचार करायची वेळच येत नाही.

मार्च २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या युनियनच्या यंत्रणेने, अ‍ॅपलला याबद्दल नेमके आदेश दिले: इतरांच्या घड्याळांवर सूचना, हेडफोन जवळ आणताच जोडणी, फाइल पाठवणं, आपोआप वायफाय. अ‍ॅपलने त्याला लक्झेंबर्गच्या न्यायालयात आव्हान दिलं. सप्टेंबर २०२५ मध्ये तर हा कायदाच रद्द करा अशी जाहीर मागणी केली, कमिशनने ती मान्य केली नाही.

लाइव्ह ट्रान्सलेशनचं उदाहरण बघा. सप्टेंबरमध्ये युनियनमधल्या ग्राहकांना मिळालं नाही, डिसेंबरमध्ये मिळालं. म्हणजे कायदा तोच राहूनही फीचर येऊ शकतं. म्हणून 'कायद्यामुळे बंद' असं कुणी म्हटलं की मी विचारतो, तो उशीर किती दिवसांचा आणि कुणी ठरवलेला?

प्रतिसाद:
वरच्या दादांचं पटतं, पण ग्राहकाने किती थांबायचं? म्युनिकच्या माणसाने फोनचे पैसे पुरेपूर मोजायचे आणि न्यूयॉर्कवाल्यापेक्षा कमी मिळवायचं, हा अन्यायच आहे. आणि हे एकट्या अ‍ॅपलचं नाही. मेटाचं थ्रेड्स हे अ‍ॅप जुलै २०२३ मध्ये आलं, युनियनमध्ये १४ डिसेंबरला उगवलं. गुगलवर इथे एखाद्या हॉटेलचं नाव शोधलं की शेजारी दिसणाऱ्या नकाशावर पूर्वी बोट ठेवलं की गुगल मॅप्स उघडायचं, ते या कायद्यानंतर गेलं. रोजची सवय मोडते हो.

प्रतिसाद:
भारतातल्यांनीही याकडे लक्ष ठेवावं. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला होता. मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला, तो बराचसा युरोपच्या धर्तीवरचा. कायदा झाला तर असाच धागा उद्या पुण्यातून कुणीतरी काढेल.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. घड्याळाचं वाचून माझं मत बरंच बदललं. कायदा फक्त अडवतो असं घरात बोललं जायचं, तो कुणासाठी दार उघडतो हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

दोन गोष्टी राहिल्या. बाबांकडून मागवणं फायद्याचं आहे का? आणि खातं जर्मनीचं करून घ्यावं का? भारताच्या खात्यावर यूपीआयने पैसे भरते, आईच्या बँकेचं अ‍ॅपही त्यावरच आहे.

प्रतिसाद:
बाबांना त्रास देऊ नका. विमानाने युनियनमध्ये येताना ४३० युरोंपर्यंतच्या वस्तू करमुक्त असतात. नवा आयफोन त्याच्या वर जातो, म्हणजे तो जाहीर करून १९ टक्के कर भरावा लागतो. शिवाय इथे घेतलेल्या वस्तूवर विक्रेत्याची दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते, ती पुण्याच्या बिलावर मिळणार नाही.

इथल्या कायद्यांचा एक सरळ फायदाही घ्या. २० जून २०२५ पासून युनियनमध्ये बाजारात येणाऱ्या फोनवर लेबल असतं: बॅटरी किती वेळा चार्ज करता येईल, पडल्यावर किती टिकेल, दुरुस्ती किती सोपी. ८०० वेळा चार्ज केल्यावरही बॅटरीत ८० टक्के क्षमता उरलीच पाहिजे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावर निदान पाच वर्षं सॉफ्टवेअर अपडेट द्यावे लागतात. तुमचा आताचा फोन दुपारीच मान टाकतो म्हणालात, तेव्हा मिररिंगपेक्षा हे जास्त उपयोगी पडेल.

खात्याचा देश बदलायची घाई करू नका. त्यासाठी शिल्लक रक्कम शून्य करावी लागते, सबस्क्रिप्शन बंद करून त्यांची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं, फॅमिली शेअरिंगमधून बाहेर पडावं लागतं आणि जर्मनीतलं पैसे भरायचं साधन द्यावं लागतं. भारतातली बरीच बँक अ‍ॅप्स जर्मनीच्या स्टोअरमध्ये नसतात. जर्मन अ‍ॅप्ससाठी दुसरं खातं काढून ते फोनच्या सेटिंग्जमधल्या फक्त 'मीडिया अँड पर्चेसेस'मध्ये (अ‍ॅप्स घेण्याच्या खात्यात) घाला, आयक्लाउड भारताचंच ठेवा. आमच्या घरी असंच चालतं.

भाषांतराबद्दल एक सांगतो. ते समोरासमोर एकाशी बोलायला बनवलंय. सभेत दहाजणी एकदम बोलल्या तर फार अपेक्षा ठेवू नका, शिक्षिकेशी एकटीने बोलताना मात्र कामाला येईल. जर्मन त्यात आहे. मराठी किंवा हिंदी नाही, त्यामुळे बाबांना शेजाऱ्यांशी बोलायला त्याचा उपयोग नाही.

धागाकर्ती:
ठरलं मग. फोन इथूनच घेते, लेबल बघून. खातं आहे तसंच ठेवते आणि मिररिंग येईल तेव्हा येईल. पुढची पालकसभा महिनाअखेरीस आहे. कुणी जर्मन भाषांतर सभेत खरंच वापरून पाहिलं असेल तर अनुभव नक्की लिहा, म्हणजे एअरपॉड्स आत्ता घ्यायचे की नंतर ते ठरवता येईल.