मदत हवी आहे: कांदळवनातून अमोनियम बाहेर जातंय की आत येतंय?

नमस्कार मंडळी,

कांदळवनातल्या एका ओहळाचं पाणी सलग 25 तास, दर तासाला भरून घेतलं, म्हणजे भरती-ओहोटीची साधारण दोन चक्रं. ओहोटी सरताना अमोनियम (नायट्रेटसारखंच नायट्रोजनचं एक विरघळलेलं रूप) आणि विरघळलेला सेंद्रिय कार्बन चढतो. नायट्रेट मात्र भरतीच्या पाण्यात जास्त. इथवर पटतं. चिखलातलं, खेकड्यांच्या बिळांतलं पाणी ओहोटीला झिरपून बाहेर येतं, आणि प्राणवायू नसलेल्या गाळात जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात.

घोडं अडलंय हिशेबात. प्रमाण गुणिले प्रवाह करून बेरीज केली, तर आत येणारा आणि बाहेर जाणारा दोन्ही आकडे मोठे, वजाबाकी इवलीशी. प्रवाहाच्या मोजणीत जराशी चूक धरली की चिन्हच उलटतं, म्हणजे बाहेर जाणारं आत येणारं ठरतं! किनारी पाणथळ जागा समुद्राला पोसतात, हे परिसंस्थाशास्त्रज्ञ यूजीन ओडम यांनी 1968 मध्ये मांडलेलं गृहीतक इतकी वर्षं का वादात राहिलं, ते आता कळलं.

तर, आधी पाण्याचा ताळेबंद जुळवून मग पोषकद्रव्यांची बेरीज करावी, की क्षारतेच्या (खारटपणाच्या) आलेखावर मिश्रणरेषा (नुसतं गोडं आणि खारं पाणी मिसळलं तर मिळेल ती सरळ रेषा) काढून तिच्यापासूनचा फरक बघावा? आणि उधाण (सर्वांत मोठी भरती-ओहोटी) व भांग (सर्वांत लहान) दोन्ही वेळा मोजणं अटळच आहे का? (रात्रीचे डास आठवूनच अंगावर काटा येतो.) फॉस्फेटचं नंतर विचारेन, ते गाळातल्या लोहाला चिकटून बसलंय.