सायटेशन मोजताना हेही बघा

काही जण म्हणतात की सायटेशन, म्हणजे एखाद्या शोधनिबंधाचा (पेपरचा) दुसऱ्या पेपरांत किती वेळा उल्लेख होतो ते, नुसता आकड्यांचा खेळ आहे. अर्धं पटतं. पण एरिक ओल्सन बघा ना, डॅलसच्या यूटी साउथवेस्टर्नमधले मॉलिक्युलर बायोलॉजिस्ट. 1998 मध्ये त्यांच्या लॅबनं दाखवलं की हृदयाच्या पेशीत कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम सतत चालू ठेवलं तर उंदराचं हृदय फुगत जातं आणि शेवटी फेल होतं, आणि ट्रान्सप्लांटच्या पेशंटना देतात ते सायक्लोस्पोरिन दिलं की ते फुगणं थांबतं. त्या एका पेपरवर जगभरच्या लॅब कामाला लागल्या, काहींचे निष्कर्ष उलटेही आले, वाद झाले, आणि सायटेशन वाढतं ते असंच की, सगळे माना डोलावतात म्हणून नाही.

मला स्वतःला त्यांचा 2011 चा पेपर जास्त आवडतो. एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लाच्या हृदयाचं टोक कापलं तर तीन आठवड्यांत ते परत भरून येतं, पण तेच सात दिवसांच्या पिल्लात केलं तर नुसता व्रण राहतो! एका आठवड्यात काय बंद होतं, यावर अजून लोक राबतायत.

आता दुसरी बाजू. हृदयावरच संशोधन करणाऱ्या पिएरो अन्व्हर्सांच्या, बोन मॅरोतल्या (हाडांच्या मगजातल्या) पेशींनी हृदय दुरुस्त होतं म्हणणाऱ्या 2001 च्या पेपरलाही भरपूर सायटेशन मिळाली. 2004 मध्येच इतर लॅबना ते जमलं नाही, आणि 2018 मध्ये हार्वर्डनं त्यांचे 31 पेपर मागे घ्यायला सांगितलं. मधल्या काळात किती वर्षं, किती पैसा गेला, आणि पेशंटवर ट्रायल्सही झाल्या, याचं फार वाईट वाटतं. म्हणून म्हणतो, आकडा बघाच, पण तो प्रयोग दुसऱ्या कुणाच्या हातून झाला का ते आधी विचारा.